मलीहा पायरीवरील मुळांची मोहीम

हराझ पहाडाच्या खांद्यावर, ढगांच्या शेजारी, बैत शुऐर नामे गाव असे, आणि त्या गावच्या पाणटाक्याची चावी हे लिहिणाऱ्या सेवकाच्या कमरेस असे. पाण्यास आलेला माणूस घागर भरून नेतो आणि बदल्यात बातमी सांडून जातो, ऐसा या हुद्द्याचा कदीम दस्तूर. सबब मलीहा नामे पायरीवर जी दारुण मोहीम जाहली, तिची हकीकत सेवकास जितकी ठावी तितकी खुद्द लढणारांसही ठावी नसेल. पुढे गावात आणि मनाख्याच्या बाजारात तऱ्हेतऱ्हेचा बोभाटा उठला. कोणी म्हणे ती मोटारींची लढाई, कोणी म्हणे लेंड्यांचा तह, कोणी म्हणे निव्वळ मायलेकांची भांडाभांडी. मग बुजुर्गांनी सेवकास फर्माविले की, पाणी सोडतोस तैसी हकीकत सोड, ज्याच्या वाटणीचे जितके त्यास तितके. म्हणून जैसे घडले तैसे लिहितो.

मलीहा म्हणजे देखणी. आमची शेते डोंगरावरून दगडी बांधांच्या पायऱ्यांनी उतरत जातात, आणि त्या सर्व पायऱ्यांत मलीहा रुंद, सडकेलगतची, आणि कॉफीच्या कामी लौकिकवान. तिची मालकीण मातुःश्री हज्जा तकिय्या, मरहूम सालिह यांची बेवा. नजर मंदावलेली, जबान शाबूत. तिचे चिरंजीव मुक्बिल, कमरेस वाकडी कट्यार जंबिया, मिशीस पीळ, आणि उघड्या पाठीची जुनी दणकट मोटार, जीस आमचे मुलखी शास म्हणतात, तिचे एकमेव सरदार. सूनबाई लुत्फिया, घरातील पिठाची, पाण्याची आणि अकलेची वजिरी तिजकडे.

ऐसियास काय जाहले की, मलीहावरील कॉफीची झाडे पिवळी पडत चालली. आधी टोकाची पाने पिवळी, मग मधली, मग फळ धरावे तो हिरवेच गळावे, आणि उन्हाळा आला की झाड ऐसे मान टाकी की जैसे मातमास बसले. जवळपासच्या पायऱ्यांवर कॉफी बरी. मलीहावरच हा कहर. मग हज्जांनी मनाशी ताडून ठरविले की ही नजर आहे, आणि नजर आहे तर ती नाजी बिन दैफल्लाह याचीच आहे.

हा नाजी मलीहाच्या वरच्या पायरीवरील मातबर बकरीदार. पूर्वी त्याच्या गोठ्याचे लेंडीखत दरसाल मलीहावर उतरे आणि मलीहाच्या कॉफीची पहिली सालवण, किश्र नामे सालींचे पेय उकळावयास, त्याच्या घरी चढे. परंतु एके समयी नाजीची गाभण बकरी खाली उतरोन मलीहावरील कोवळी रोपे फन्ना करिती जाहली, आणि मुक्बिलांनी तीस कैद करून घरच्या गोठ्यात ठेविले. तेथे कैदेतच ती व्याली. मग पंच बसले, बकरी परत गेली, परंतु करडू मुक्बिलांनी दिले नाही. म्हणाले, माझ्या छपराखाली जन्मला, माझी रोपे पोटात घेऊन जन्मला, तो माझा. त्या करडाचा पुढे दाढीवाला थोर बोकड जाहला आणि गाव त्यास असीर, म्हणजे कैदी, म्हणू लागले. तेव्हांपासून दोन्ही घरांत सलाम बंद, किश्र बंद आणि लेंडीखत बंद. हज्जांनी नजर उतरावी म्हणून बांधावर शिंग टांगिले, धुरी दिली, वरच्या दिशेस तोंड करून बोटे मोडिली. झाडे पिवळी ती पिवळीच.

मग मुक्बिलांनी एके दुपारी माडीवरच्या बैठकीत, गालात गात, म्हणजे आमचे मुलखी चघळावयाचा कैफी पाला, त्याचा गोळा धरोन, दोस्तमंडळींसमोर मसलत मांडिली. मजकूर ऐसा की, कॉफीचा जमाना गेला, सबब मलीहावरील तमाम झाडे उपटोन गातची लागवड करावी. गात दर काही महिन्यांनी खुडता येतो, कॉफी वर्षभर तोंडाकडे पाहावयास लावते. दोस्तांचे गाल भरलेले होते, सबब कोणी नाही म्हणू शकले नाही. परंतु जिन्यावर हज्जा उभ्या होत्या आणि त्यांचे गाल रिकामे होते.

"कुणाची झाडं उपटणार म्हणालास?"

"अम्मा, ती झाडं मेलीत. आता तरी मान्य कर."

"मेली असती तर पिवळी कशाला पडली असती? आजारी पडलीत ती. तू तापानं फणफणला होतास तेव्हा तुला उपटून टाकला होता का मी?"

"जुमा झाला की मजूर येतायत. गातची रोपंही सांगून ठेवलीत."

"मला विचारून?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस. वा! बापाचं नाक घेतलंस, अक्कल मात्र कुठे वाटेत सांडलीस."

दोस्तमंडळींनी आपापली पादत्राणे शोधावयास प्रारंभ केला. तेव्हां लुत्फिया पाण्याची घागर घेऊन वर आली, आणि घागर ठेवून म्हणाली, "सगळी उपटायचीच आहेत ना? मग एक आज उपटा. कोपऱ्यातलं, पूर्ण वाळलंय ते. खाली काय झालंय ते तरी बघू."

"खाली काय असणार? मुळं."

"आहेत का, तेच बघू. मी पाणी घालते तर ते जमिनीवर ताटात ओतल्यासारखं उभं राहतं. इतकी तहानलेली जमीन पाणी नको म्हणते, हे मला काही बरं वाटत नाही."

मग हज्जांनी हुकूम दिला की उपटा, आणि मुक्बिलांनीही, एक तरी झाड उपटावयास मिळते या संतोषाने, जंबिया सोडोन भिंतीस टांगिली, कुदळ उचलिली, आणि सर्व लवाजमा मलीहावर उतरला. सेवकही टाक्याची चावी कमरेस तैसीच ठेवून मागोमाग गेला. दरबारी कामात मागे राहणे सेवकास जमत नाही.

झाडाने काहीच झुंज दिली नाही. मुक्बिलांनी थोडी माती उकरोन खोडास हिसडा दिला तो झाड हलणाऱ्या दातासारखे हाती आले, आणि सरदार स्वतः मागे बसते जाहले. मग मुळांची पाहणी जाहली. मधले थोर मूळ हातभरही खाली न जाता एकाएकी आडवे वळलेले, जैसे भिंतीस आपटोन वाट चुकले. भोवतालची बारीक मुळे, जी पांढरी आणि ओलसर असावी, ती काळी आणि ठिसूळ, बोटांत मोडत होती. बांधाच्या बाजूस तरी चार तंतू होते. सडकेच्या बाजूस मुळांची फौज साफ बुडालेली.

"कातळ लागलाय," मुक्बिल उठत म्हणाले. "बघा. मी म्हणत होतो. कातळावर कुणाची कॉफी वाढते?"

पहार आणिली. खड्ड्यात मारिली. दगडावर पहार पडते तेव्हां ठिणगी आणि आवाज निघतो. येथे नुसते धप्प जाहले आणि पहार दोन बोटे रुतोन राहिली. मग हज्जा खड्ड्याच्या काठी बसल्या, हात आत घालून एक ढेकूळ मोडावयाचा यत्न केला, मोडेना, मग दोन दगडांत धरोन फोडिले, चुरा नाकाशी नेला. त्यांचे तोंड ऐसे जाहले की सेवकाने पाण्याविषयी जे विनोदी बोलणे मनात जुळविले होते ते गिळिले.

"हा कातळ नाही. ही माझी माती आहे. सालिहनं आणि मी टोपल्यांनी डोंगराखालून वर आणलेली. हिला एवढं कुणी तुडवलं?" आणि पुन्हा वास घेऊन म्हणाल्या, "आणि हिला साबणाचा वास कसा येतो?"

 सर्वांच्या माना हळूहळू एकाच दिशेस वळल्या. तेथे, झाडांच्या ओळीस लागोन, सकाळीच धुतलेली, आरशास मण्यांच्या माळा ल्यालेली, मुक्बिलांची शास उभी होती, आणि तिच्या चाकांखाली, मागे, पुढे, पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमीन घोटीव फरशीसारखी चमकत होती.

"गाडीला कशाला मधे आणता?" मुक्बिल म्हणाले.

"आम्ही कुठे आणली?" लुत्फिया म्हणाली. "तुम्हीच आणता. रोज आणता."

वृत्त ऐसे की, सडक गावापर्यंत आली तेव्हांपासून मलीहाचा बाहेरील पट्टा, जेथे पूर्वी ज्वारी आणि चवळी पेरीत, तो मोटारतळ जाहला होता. आधी शास, मग मेहुण्यांच्या मोटारी, मग लग्नकार्यास येणारे, मग ज्यास कोठेच जागा न मिळे तो. पेरणी बंद, खुरपणी बंद, खत बंद. चाके मात्र चालू. माती खाली खाली दाबत गेली, पाणी वरच्या वर वाहोन गेले, आणि मुळे बापुडी अंधारात त्या तटास डोके आपटीत राहिली. गनीम सरहद्दीवर शोधीत होते आणि तो रोज घरच्या पोरसवदा सरदाराकडून आंघोळ घालून घेत होता.

हज्जा पुष्कळ वेळ त्या खड्ड्यात पाहत बसल्या, जरी त्यांस फारसे दिसत नसे. मग वरच्या पायरीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "आणि मी एवढी वर्षं त्या नाजीच्या नावानं बोटं मोडतेय."

मग तेथेच, उपटलेल्या झाडाच्या साक्षीने, फर्मान निघाले. मजूर येऊ नयेत. मलीहावर चाक फिरू नये, मग ते कोणाचेही असो. मुक्बिल यांनी स्वहस्ते पायरी फोडावी. मुक्बिलांनी तक्रार केली, मग मायलेकांत करार जाहला की, पुढील मोसमात झाडे फुलावर येतील तोवर मुदत. तोवर नवे पांढरे मूळ दिसले तर कॉफी राहील, न दिसले तर मलीहा गातच्या हवाली, आणि हज्जांनी जिन्यावरून तोंड काढू नये. हात हातावर मारिला. मुक्बिलांचा चेहरा जिंकलेल्याचा होता. हज्जांनी मुठीतला चुरा परत खड्ड्यात सोडिला. त्या मातीत मरहूम सालिह यांची पाठ झिजली होती.

मोटारींची हकालपट्टी हे पहिले रणकंदन. मुक्बिलांनी शास मोठ्या नाइलाजाने मशिदीपलीकडच्या वळणावर नेली, परंतु इतर सरदार ऐकेनात. सवय जडली होती. मग हज्जांनी सकाळीच मलीहाच्या तोंडाशी चटई अंथरिली, किश्रची किटली शेजारी ठेविली आणि मधोमध ठाण मांडिले. मेहुण्यांची मोटार आली, कर्णा वाजू लागला.

"हज्जा, जरा सरका ना, गाडी लावायचीय."

"लाव की. माझ्यावर लाव."

"असं काय करता? पाचच मिनिटांचं काम आहे."

"बाबा, या मातीला तुम्ही सगळ्यांनी पाच-पाच मिनिटं करूनच मारलंय. बस, किश्र पी आणि मागे वळव."

तो बिचारा किश्र प्याला आणि मागे वळला. दुसरा आला, तोही प्याला आणि वळला. ऐसे बहुत दिवस चालले, आणि किटली रिकामी होई परंतु चटई हटत नसे. अखेरीस सरदार मंडळी वळणावरच मोटारी ठेवू लागली, कारण फुकटच्या किश्रवर रोज येणे त्यांच्याच बायकांस खपेना.

इकडे मुक्बिल पहार घेऊन जमिनीशी भिडले. आरंभी त्यांचा मानस ऐसा की, नांगर आणोन एका झपाट्यात सर्व उखडावे. लुत्फिया म्हणाली, "आणि उरलीसुरली मुळं? तीही नांगरानं कापायची? मग गात लावायला मजूरही नकोत." तेव्हां सरदारांनी नांगराचा बेत तहकूब केला, खोडांपासून दूर राहून ओळींच्या मध्ये चर धरिले, आणि पहार, कुदळ, पुन्हा पहार, ऐसी हाताहातीची लढाई मांडिली. तळव्यांस फोड आले, फुटले, पुन्हा आले. फोडलेल्या ढेकळांतून कोठे काळे तेल निघे, कोठे साबणाचा वास, कोठे तुटका मणी. गांडूळ म्हणाल तर एक नाही. एके दिवशी मुक्बिल चरात बसोन फुटलेल्या ढेकळाकडे पाहत होते. सेवक विचारिता जाहला, "दमलात काय?" म्हणाले, "नाही रे. आम्ही यावर उभं राहून गाडी पुसायचो आणि वर बघून म्हणायचो, झाडांना काय रोग लागला कुणास ठाऊक." आणि पहार उचलिली. त्या दिवशी त्यांनी गालात पाला धरिला नाही, ही गोष्ट बैठकीत मोठ्या चिंतेने चर्चिली गेली.

चर तयार जाहले. आता रसद पाहिजे. छाटलेल्या फांद्या, चुलीची राख, कॉफीची वाळली टरफले, लुत्फियाने घराघरांतून मागोन आणिलेला केरपाला हे सर्व तळाशी पडले, परंतु हज्जा म्हणाल्या, हे जेवणातले पाणी जाहले, भाकर कोठे आहे? भाकर म्हणजे लेंडीखत, आणि लेंडीखताचा डोंगर एकाच ठिकाणी, नाजी बिन दैफल्लाह याच्या गोठ्यामागे.

मग वकिलात निघाली. हज्जा पुढे, लुत्फिया मागे, डोईवर बिंत-अस-सहन, म्हणजे थराथरांची मधाळ रोटी, कापडाखाली गरम, आणि दोन पावले मागे सेवक. नाजी दारात बसोन दोर वळीत होता. त्याने वर पाहिले, दोर खाली ठेविला, आणि ऐसा उभा राहिला की जैसे मयताची खबर आली.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मीच आलेय."

"वल्लाह, हज्जा, तू माझ्या दारात? बस. नाही, तिथे नको, तिथे बकरी बसते."

तिघे बसले. मध खाल्ला. बहुत वेळ हवापाण्याचे बोलणे जाहले. मग हज्जांनी मांडीवरचा चुरा झाडीत म्हटले, "नाजी, मी तुझ्या नजरेला दोष देत होते."

"ठाऊक आहे. शिंग माझ्याच खिडकीसमोर टांगलं होतंस. माझ्या नातवंडांनी त्याला दगड मारायचा खेळ काढला."

"चूक झाली माझी. दोष चाकांचा होता. आता मला खत पाहिजे."

नाजी दाढी खाजवीत राहिला. मग म्हणाला, "खत देईन. पण न्यायला मुक्बिल येईल. स्वतः. पाठीवर टोपली घेऊन, गावाच्या मधल्या वाटेनं. आणि येताना माझा असीर घेऊन येईल."

लुत्फियाने ओढणी तोंडावर घेतली. सेवकाचे मत ऐसे की ती हसत होती.

हा खलिता घरी पोहोचला तेव्हां मुक्बिल संतापले. शेणामातीस ना नव्हती, परंतु भर वाटेने, पाठीवर लेंड्या, आणि हातात बोकडाची दोरी! म्हणाले, "त्यापेक्षा गात लावलेला बरा. गाव आयुष्यभर हसेल."

 लुत्फिया म्हणाली, "हसेल की. मग थकेल. गाव किती दिवस हसतं?"

"तुला काय! टोपली माझ्या पाठीवर."

"दुसरी माझ्या डोक्यावर. चला."

मग ती थोर स्वारी निघाली. अग्रभागी असीर, दाढी हलवीत, जन्मभूमी सोडून पितृभूमीकडे नाराजीने ओढला जात असलेला. त्यामागे मुक्बिल, कमरेस जंबिया तैसीच, कारण जंबियावाचून बाहेर पडणे त्यांस नग्न निघण्यासारखे वाटे. आणि मागे लुत्फिया. बैठकीतले दोस्त खिडक्यांत आले. एकाने ओरडून विचारिले, "मुक्बिल, कुणाचं लग्न?" मुक्बिल न थांबता म्हणाले, "कॉफीचं. आहेर आणायला चाललोय. तुझी पाठ रिकामी दिसते, ये." तो हसत हसत उतरला, मग आणखी एक उतरला, आणि नाजीच्या दारी पोहोचेपर्यंत स्वारीची फौज जाहली. असीराने गोठा पाहिला, आई ओळखली नाही, आणि प्रथम जी टोपली दिसली तीस शिंग मारिले.

मुक्बिल वरचे ताजे खत उपसू लागले तोच नाजी गरजला, "अरे ते नको! ते अजून तापलंय, मुळं भाजतील. खालचं काढ, काळं, भुसभुशीत. एवढे दिवस खत नेलं नाहीस, तर खत ओळखायलाही विसरलास?"

"काका, तुम्ही देत नव्हता."

"तू मागत नव्हतास."

 मग नाजीने स्वतः फावडे घेतले, खालचे जुने खत काढून दिले, आणि स्वारीमागोमाग मलीहावर येऊन, चर उथळ आहे की खोल यावर हज्जांशी ऐसा वाद घातला की ऐकोन गावास बरे वाटले. इतकी वर्षे ती दोघे भांडत नव्हती, केवळ बोलत नव्हती.

चर भरले, माती सैल जाहली, आणि तेच संकट जाहले. एके दुपारी, जेवणे उरकतात तो, डोंगरमाथ्यावर काळोखी धरिली आणि गारांसह पाऊस ऐसा कोसळला की सडक ओढा जाहली. पूर्वीची घट्ट मलीहा पाणी बाहेर फेकीत असे. आता सैल माती पाणी पिऊ लागली, फुगली, आणि खालच्या दगडी बांधास पोट सुटले. बांध गेला की पायरी गेली. झाडे, चर, खत, सालिहची माती, सर्व दरीत. लुत्फियाने प्रथम पाहिले आणि गच्चीवरून हाक मारिली. मुक्बिल धावले, पाठ बांधास लावून उभे राहिले, जैसे पाठीने डोंगर थांबतो.

"तिथून हल!" हज्जा ओरडल्या. "बांध पडला तर पडू दे! तू हल!"

"अम्मा, दगड पाहिजेत! दगड!"

दगड मशिदीपलीकडच्या वळणावर, ओढ्याच्या तोंडी. आणि तेथेच, हद्दपार, शास उभी होती. मुक्बिलांनी किल्ली हवेत फेकिली, मेहुण्याने झेलिली, आणि तीच मोटार, जिच्यामुळे हे सर्व जाहले, दगडांनी पाठ भरोन चिखलातून गुरगुरत आली. मेहुणा जोशात सरळ मलीहावर चढवू लागला. भर पावसात, नाजी, हज्जा, लुत्फिया आणि सेवक, सर्व एका आवाजात ओरडले, "बाहेर! गाडी बाहेर!" तो दचकला, सडकेवरच थांबला, आणि मग हातोहात दगड पुढे गेले, ज्यांस चटईने परतविले होते ते सर्व सरदार त्या रांगेत होते. नाजीने वरून पाणी वळविण्यास आपल्या पायरीचा कोपरा स्वहस्ते फोडिला. मुक्बिल खाली दगड रचीत होते, कंबरभर चिखलात. पाऊस ओसरला तेव्हां बांध उभा होता. शेवटची काही झाडे, जी टोकाशी होती, ती मात्र दरीत गेली. मुक्बिल त्या रिकाम्या टोकाशी उभे राहिले. त्यांच्या मुखावरचे पाणी पावसाचे की कसे, हे सेवक लिहीत नाही.

पुढे काही काळ काहीच जाहले नाही. लुत्फियाने ओळींमध्ये चवळी पेरिली. पिवळी पाने गळोन पडली आणि झाडे उघडी जाहली, तेव्हां बैठकीत म्हणू लागले की संपले. सांगून ठेविलेल्या गातच्या रोपांचे विचारणे दोनदा आले. मुक्बिल दर खेपेस म्हणाले, थांबा. मग फांद्यांच्या बगलांत बारीक पोपटी पाने फुटली. हज्जा ती बोटांनी चाचपडत. पाने फसवितात, म्हणत, झाड मरतानाही पाने काढते. करार पानांचा नव्हता, मुळांचा होता.

मग मोसम आला आणि मलीहावर पांढरी फुले फुलली, थोडी, परंतु फुलली, आणि सकाळच्या धुक्यात त्यांचा वास टाक्यापर्यंत आला. मुदत भरली. गाव जमले, नाजी आला, मेहुणे आले, बैठकीतले दोस्त आले. मुक्बिल एका मधल्या झाडाखाली पालथे निजले, आणि खुरपे न वापरता बोटांनी माती बाजूस करू लागले. माती सहज हटत होती, ओली, काळी. कोपरापर्यंत हात गेला. मग ते थांबले.

बहुत वेळ ते तैसेच राहिले, गाल जमिनीस लावून. 

"काय आहे?" हज्जा म्हणाल्या.

"आहे."

"पांढरं?"

"पांढरं. अम्मा, जाळं आहे नुसतं. चराकडे सगळी धावलीत. खतात घुसलीत."

गर्दी पुढे सरसावली. नाजी म्हणाला, "बघू, बघू, सरक." आणि येथे मुक्बिलांनी जे केले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी माती लोटोन तो खड्डा बुजविला आणि वर आडवे पडले.

"कुणी बघायचं नाही. ऊन लागेल त्यांना. कोवळी आहेत."

"अरे, एकदा दाखव तरी! एवढी मोहीम केली, बघू तरी दे!"

"नाही म्हणजे नाही. आणि तुम्ही सगळे ओळीत उभे आहात. बाजूला व्हा. पाय! पाय बघा कुठे टाकताय!"

तेव्हां मेहुणे आणि दोस्त, नाजी आणि सेवक, सर्व जण टाचा उचलोन, एकमेकांचे खांदे धरोन, बांधाच्या दगडांवरून बाहेर निघाले. हज्जा मागे राहिल्या. मुक्बिलांनी त्यांचा हात धरिला, त्यांची बोटे मातीत नेली आणि वरून आपली सावली धरिली. हज्जांनी डोळे मिटिले. त्या काय बोलल्या ते कोणास ऐकू आले नाही; फक्त मुक्बिल म्हणाले, "हो. जपून. मोडतील."

येणेंप्रमाणे मलीहा पायरी फत्ते जाहली. जिंकिला मुलूख, झाडांच्या ओळींमधील माती, कोपरभर खोल. पडले ते, कोपऱ्यातले एक झाड आणि टोकाशी दरीत गेलेली. फितूर जाहली आणि पुन्हा रुजू जाहली ती, एक मोटार. गातची रोपे दुसरीकडे रवाना जाहली. फत्तेचे प्रत्यक्ष दर्शन दोघांसच घडले, आणि त्यांतील एकास फारसे दिसत नाही. तरी ती खरी मानावी, कारण त्या दिवसापासून मुक्बिल आपल्या शेतातही अनवाणी चालतात. सेवकाने हे टाक्याच्या काठी बसोन लिहिले आणि जमलेल्या मंडळींनी ऐकोन माना डोलविल्या. येथे शिक्का करून ही हकीकत दप्तरी दाखल केली असे.